विद्यापीठाची सभा आणि आपलें घर

वर्तमानपत्रांतून मधून मधून 'अधिसभेची बैठक वादळी' किंवा 'अधिसभेच्या निवडणुकीची तयारी' अशा मथळ्यांच्या बातम्या येतात. सुशिक्षित घरांतील मंडळी त्यांवरून नजर फिरवितात आणि पान उलटतात. घरांत मुलगा अगर मुलगी पदवीच्या वर्गांत असली, तर परीक्षेच्या तारखा, निकाल, शुल्क ह्यांविषयींची बातमी मात्र तीच मंडळी चष्मा पुसून वाचतात. परंतु ती तारीख कोणीं ठरविली, तें शुल्क कोणीं मंजूर केलें, अमुक पुस्तक कोणीं नेमलें, आणि ह्या सर्वांचा जाब विचारावयाची जागा कोणती, हे प्रश्न फारसे कोणाच्या मनांत येत नाहींत. त्या जागेचें नांव अधिसभा, म्हणजेच विद्यापीठाचें सेनेट. ह्या महिन्याच्या टिपणांत तिच्याविषयीं चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. कारण ह्या मासिकाच्या वाचकांपैकीं पुष्कळांना त्या सभेसाठीं मत देण्याचा अधिकार मिळूं शकतो, आणि त्यांतील बहुतेकांना तें ठाऊक नाहीं, अशी माझी समजूत आहे.

प्रथम शब्दाचा विचार करूं. 'सेनेट' हा शब्द रोमन लोकांचा. लॅटिन भाषेंत 'सेनेक्स' म्हणजे वृद्ध. आपल्या वेदभाषेंतील 'सन', म्हणजे जुना, हा शब्द त्याच कुळांतला, आणि 'सनातन' ह्या शब्दांत तो आजहि जिवंत आहे. तेव्हां सेनेट म्हणजे वृद्धांची, अर्थात् जाणत्यांची सभा. सभेची कल्पना आपणांस परकी नाहीं. अथर्ववेदांत सभा आणि समिति ह्यांना प्रजापतीच्या कन्या म्हटलें आहे. मनूनें तर सभासदाला कडक नियम घालून दिला आहे. सभेंत जाऊं नये. गेल्यास यथार्थ तेंच बोलावें. तेथें बसून जो मौन धरतो तो, आणि जो विपरीत बोलतो तो, असे दोघेहि दोषी. मनूच्या इतर पुष्कळ वचनांविषयीं आज तीव्र मतभेद आहेत, आणि ते रास्त आहेत. परंतु हा एक नियम कोणत्याहि विद्यापीठाच्या सभागृहांत लावून ठेवण्यास हरकत नसावी.

हिंदुस्थानांत विद्यापीठाचें सेनेट १८५७ सालीं आलें. त्या वर्षीं कलकत्ता, मुंबई व मद्रास येथें विद्यापीठें स्थापन झालीं. हीं विद्यापीठें तेव्हां स्वतः शिकवीत नसत. शिकविण्याचें काम महाविद्यालयांत चाले. विद्यापीठानें परीक्षा घ्यावी आणि पदवी द्यावी, एवढाच व्यवहार होता. त्या व्यवहाराची सूत्रें 'फेलो' म्हणून नेमलेल्या मंडळींच्या हातीं असत. सरकार फेलो नेमी, आणि एकदां नेमलेला फेलो तहहयात राही. त्यांत न्यायाधीश, डॉक्टर, मुलकी अधिकारी, पाद्री, व्यापारी असे नाना प्रकारचे लोक असत. मुंबईच्या आरंभींच्या फेलोंत नाना शंकरशेट होते. अध्यापन हाच ज्यांचा व्यवसाय अशा माणसांचें बाहुल्य त्या सभेंत नव्हतें. विद्येचें घर, पण कारभारी बहुधा बाहेरचे, असा तो प्रकार होता.

तरीहि त्या सभेनें मोठीं माणसें पाहिलीं. १८६२ सालीं मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले; महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांपैकींच. पुढें १८९२ सालीं काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे मुंबईचे पहिले हिंदी कुलगुरु झाले, आणि त्यांच्यामागून भांडारकर त्या पदावर आले. ज्या विद्यापीठानें त्यांना पदवी दिली त्याच विद्यापीठाचा भार वाहण्यास तीं माणसें परत आलीं.

सेनेट म्हणजे काय करूं शकते हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें रानड्यांची मराठीविषयींची खटपट पाहावी. विद्यापीठाच्या आरंभींच्या परीक्षांत देशी भाषांना जागा होती. थोड्याच वर्षांत ती जागा संस्कृत, लॅटिन इत्यादि अभिजात भाषांकडे गेली, आणि मराठी दाराबाहेर राहिली. संस्कृताच्या अध्ययनांत माझें आयुष्य गेलें आहे, त्यामुळें संस्कृताला मान मिळाला ह्याचें मला दुःख असण्याचें कारण नाहीं. पण मातृभाषेला घालवून मिळालेला मान संस्कृतालाहि शोभला नसता. रानड्यांनीं हा प्रश्न वर्षानुवर्षें लावून धरला. मराठींत पदवीच्या विद्यार्थ्यानें वाचण्याजोगें आहे काय, असा विरोधकांचा सवाल असे. रानड्यांनीं त्यावर चिडून भाषणें केलीं नाहींत. त्यांनीं मराठी ग्रंथसंपत्तीचा हिशेब मांडला. मराठी वाङ्मयाच्या वाढीवर त्यांनीं १८९८ सालीं लिहिलेला इंग्रजी निबंध प्रसिद्ध आहे. १९०१ च्या जानेवारींत ते वारले, आणि त्याच सुमारास एम्. ए. च्या परीक्षेंत देशी भाषांना प्रवेश मिळाला. आज मराठी विषय घेऊन एम्. ए. होणाऱ्या मुलींची संख्या पाहिली, तर एका सभासदाच्या चिकाटीचें फळ किती घरांत पोंचलें हें कळून येईल.

१९०४ सालीं लॉर्ड कर्झन ह्यांच्या कारकीर्दींत विद्यापीठांचा नवा कायदा झाला. तहहयात फेलो गेले. त्यांची मुदत ५ वर्षांची झाली. कलकत्ता, मुंबई व मद्रास येथील सेनेटांची सभासदसंख्या ५० ते १०० ह्या मर्यादेंत बांधण्यांत आली. निवडून यावयाच्या जागा अवघ्या २० राहिल्या, आणि बाकीच्या बहुतेक जागांवरील नेमणूक कुलपतीच्या, म्हणजे सरकारच्या, हातीं गेली. कर्झनसाहेबांचें म्हणणें असें कीं, शिक्षणाशीं ज्यांचा कांहीं संबंध नाहीं अशा लोकांची सेनेटांत गर्दी झाली आहे. हें म्हणणें सर्वस्वीं खोटें नव्हतें. परंतु गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळीं वरिष्ठ कायदे कौन्सिलांत होते, आणि त्यांनीं ह्या बिलाला निकरानें विरोध केला. फर्ग्युसन महाविद्यालयांत आयुष्याचीं उमेदीचीं वर्षें शिकविण्यांत घालविलेला हा गृहस्थ. विद्यापीठांत अध्यापकांना मान असावा हें त्यांना कोणी शिकवावयास नको होतें. त्यांची भीति अशी होती कीं, सुधारणेच्या नांवाखालीं विद्यापीठ हें सरकारी खातें होऊन बसेल.

ह्या एका वादांत पुढील शंभर वर्षांचे सगळे वाद सांठविलेले आहेत. सभेंत जाणता पाहिजे, असें एक पक्ष म्हणतो. सभेंत स्वतंत्र पाहिजे, असें दुसरा म्हणतो. जाणता असून जो मिंधा आहे तो गप्प बसतो. स्वतंत्र असून जो अजाण आहे तो नुसता ओरडतो. विद्यापीठाला दोन्ही गुण एकत्र असलेलीं माणसें हवीं असतात, आणि तशीं माणसें मिळविण्याची युक्ति कोणत्याहि कायद्याला अद्याप पुरती साधलेली नाहीं.

१९१७ सालीं कलकत्ता विद्यापीठासाठीं सर मायकेल सॅडलर ह्यांच्या अध्यक्षतेखालीं आयोग नेमला गेला. १९१९ सालीं बाहेर पडलेल्या त्याच्या अहवालानें ह्या गुंत्याची एक उकल सुचविली. लोकांचे, पदवीधरांचे, देणगीदारांचे प्रतिनिधि असलेली एक मोठी सभा असावी; रोजचा कारभार लहान कार्यकारी मंडळानें पाहावा; आणि अभ्यासक्रम, परीक्षा, विद्येचा दर्जा हे विषय अध्यापकांच्या निराळ्या परिषदेनें ठरवावे. घरांतहि आपण असेंच करतों. खर्च किती करावयाचा हें सगळे मिळून ठरवितात. पण भाजींत मीठ किती घालावयाचें तें स्वयंपाक करणाराकडे सोंपवितात. मिठाचा निर्णय बहुमतानें होऊं लागला तर जेवण बिघडतें, आणि खर्चाचा निर्णय एकट्यानें होऊं लागला तर घर बिघडतें.

४ ऑगस्ट १९२३ रोजीं नागपूर विद्यापीठ स्थापन झालें, तें ह्याच विचाराच्या छायेंत. त्यापूर्वीं नागपुरांतील महाविद्यालयें अलाहाबादच्या विद्यापीठाला जोडलेलीं होतीं. म्हणजे आमच्या भागांतील मुलाच्या उत्तरपत्रिकेचा निवाडा गंगा-यमुनेच्या कांठीं होई. नव्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरु सर बिपिन कृष्ण बोस. आरंभीं ६ महाविद्यालयें आणि ९२७ विद्यार्थी एवढाच संसार होता. पुढें तो वाढला आणि विभागलाहि. १९८३ सालीं अमरावतीचें विद्यापीठ वेगळें झालें. २००५ सालीं नागपूर विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचें नांव मिळालें. २०११ सालीं चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे नव्या गोंडवाना विद्यापीठाकडे गेले. आज नागपूर, वर्धा, भंडारा व गोंदिया हे चार जिल्हे नागपूर विद्यापीठाच्या कक्षेंत आहेत.

मी ज्या चिखला गांवीं राहतों तो भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यांतील मॅंगनीजच्या खाणीचा गांव आहे. येथें जमिनीच्या पोटांत उतरून माणसें खनिज काढतात, आणि त्यांचीं मुलें पदवीसाठीं तुमसरास किंवा भंडाऱ्यास जातात. खाणीचा आणि विद्यापीठाच्या सभेचा संबंध काय, असें कोणी विचारील. त्याला उत्तर म्हणून कामठीच्या रावबहादुर डी. लक्ष्मीनारायण ह्यांचें नांव सांगावें. हे गृहस्थ खाणमालक होते. १९३० च्या मृत्युपत्रानें त्यांनीं आपल्या मिळकतीपैकीं सुमारें ३५ लाख रुपये नागपूर विद्यापीठाला उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठीं दिले. त्या धनांतून १९४२ सालीं लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था सुरू झाली, आणि २०२३ सालीं शासनानें तिचें स्वतंत्र विद्यापीठ केलें. १९३० सालचे ३५ लाख म्हणजे केवढी रक्कम, ह्याची कल्पना वाचकांनीं करावी. खाणींतील धन जमिनीखालीं राबणाऱ्या मजुरांच्या हातांनीं वर येतें. तेव्हां त्या देणगींत त्यांच्याहि घामाचा अंश आहे असें मी मानतों. असा पैसा कोणाच्या तरी विश्वासावर विद्यापीठाकडे येतो. तो दात्याच्या इच्छेप्रमाणें खर्च होतो कीं नाहीं, हें विचारणारें कोणी तरी पाहिजे. कार्यालयानें स्वतःचा हिशेब स्वतःच तपासावा, हें व्यवहाराला धरून नाहीं. म्हणून हिशेब सभेपुढें यावा लागतो.

आतां आजचा कायदा पाहूं. महाराष्ट्रांतील सार्वजनिक विद्यापीठांना २०१६ चा अधिनियम लागू असून तो १ मार्च २०१७ पासून अमलांत आला. त्याप्रमाणें अधिसभेचे अध्यक्ष कुलपति, म्हणजे राज्यपाल, असतात. कुलगुरु, अधिष्ठाते आणि इतर पदसिद्ध सभासद तिच्यांत असतात. कांहीं सभासद नेमलेले असतात. निवडणुकीनें येणारांत महाविद्यालयांचे १० प्राचार्य, १० अध्यापक, विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांतील ३ अध्यापक, संस्थाचालकांचे ६ प्रतिनिधि, आणि नोंदणी केलेल्या पदवीधरांचे १० प्रतिनिधि असतात. विद्यापीठाचें वार्षिक अंदाजपत्रक, वार्षिक अहवाल, जमाखर्च आणि त्याच्या तपासणीचा अहवाल ह्या सभेपुढें येतात. सभासदांना प्रश्न विचारतां येतात, ठराव मांडतां येतात.

ह्या सभेखेरीज व्यवस्थापन परिषद आहे. तिच्याकडे पैसा, नोकरवर्ग, इमारती ह्यांचा कारभार असतो. विद्या परिषद आहे. अभ्यासक्रम आणि परीक्षा ह्यांच्या दर्जाची जबाबदारी तिच्यावर असते. आणि प्रत्येक विषयासाठीं अभ्यास मंडळ आहे. मुलीच्या हातांत पडणारा अभ्यासक्रम प्रथम त्या मंडळाच्या टेबलावर लिहिला जातो. तेथून तो विद्याशाखेकडे आणि पुढें विद्या परिषदेकडे जातो. अभ्यास मंडळांत व विद्या परिषदेंत कांहीं अध्यापक निवडून आलेले व कांहीं नेमलेले असतात. गृहिणीला किंवा व्यापाऱ्याला हें सारें दूरचें वाटेल. पण २०२४ सालापासून जेव्हां नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणें संलग्न महाविद्यालयांत पदवीचा अभ्यासक्रम बदलला, तेव्हां कोणता विषय मुख्य, कोणता गौण, किती श्रेयांक, किती सत्रें, ह्यांची चर्चा घराघरांत झाली. ती चर्चा जेथें आधीं व्हावयास पाहिजे ती जागा म्हणजे हीं मंडळें होत.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. अमेरिकेंतील विद्यापीठांत 'सेनेट' ह्या नांवाची जी सभा असते ती बहुधा अध्यापकांचीच असते. कॅलिफोर्निया विद्यापीठांत अशी सभा १८६८ च्या स्थापनेच्या कायद्यापासूनच होती. पण प्रत्यक्ष सत्ता अध्यक्षाच्या हातीं असे. १९१९-२० सालीं बर्कली येथील अध्यापकांनीं एकजुटीनें आपलें म्हणणें विश्वस्तांपुढें मांडलें, आणि आपल्या समित्या आपण निवडण्याचा, अभ्यासक्रमावर देखरेख करण्याचा व नेमणुकांच्या बाबतींत सल्ला देण्याचा अधिकार मिळविला. पुढें १९६६ सालीं तिकडील प्राध्यापकसंघानें इतर दोन संस्थांच्या साहाय्यानें एक निवेदन तयार केलें. त्यांत अभ्यासक्रम, शिकविण्याची पद्धति, संशोधन, आणि अध्यापकांची योग्यता ठरविणें ह्या बाबतींत मुख्य जबाबदारी अध्यापकवर्गाची आहे, असें तत्त्व मांडलें आहे. पैसा व इमारती ह्यांविषयीं मात्र अखेरचा शब्द विश्वस्तांचा राहतो.

आपल्याकडे हीं दोन कामें दोन सभांत वांटलेलीं आहेत. आपली अधिसभा ही निव्वळ अध्यापकांची सभा नव्हे, आणि तशी असूंहि नये, असें माझें मत आहे. अध्यापक कितीहि विद्वान् असला तरी शुल्क भरणारा बाप तो नव्हे, आणि पदवी घेऊन नोकरी शोधणारी मुलगी तो नव्हे. त्यांच्या वतीनें विचारणारें कोणी तरी सभेंत बसलें पाहिजे. उलट, अमुक विषयांत काय शिकवावें हा निर्णय मात्र त्या विषयाच्या अध्यापकाकडेच असावा. व्याकरणाचा पाठ कोणता आधीं व कोणता नंतर, हें मंत्र्यानें, संस्थाचालकानें किंवा पालकांच्या सभेनें ठरविलें तर तो पाठ कोणालाच येणार नाहीं. चाळीस वर्षें मुलांना शब्दरूपें शिकविलेल्या माणसाला एवढें म्हणण्याचा अधिकार असावा.

अधिसभेविषयीं जी तक्रार सर्वत्र ऐकूं येते ती अशी कीं, तेथें पक्षांचें राजकारण चालतें, गट पडतात, घोषणा होतात, आणि अंदाजपत्रकावर बोलण्यास वेळ उरत नाहीं. ही तक्रार मी खोडून काढीत नाहीं. मात्र तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाहीं. निष्कर्ष असा कीं, निवडणूकच नको. शहाण्या माणसांची नेमणूक व्हावी म्हणजे झालें. शहाणीं माणसें नेमणारा शहाणा कोण, हा प्रश्न कर्झनच्या काळीं होता तसाच आजहि आहे. नेमलेल्या माणसाला नेमणाराची आठवण राहते, आणि निवडून आलेल्याला मतदाराची. मतदार जर झोपलेला असेल तर निवडून आलेल्याला गटाची तेवढी आठवण राहते. दोष निवडणुकीच्या पद्धतींत थोडा असेल. आपल्या झोपेंत तो अधिक आहे.

अध्यापकांच्या बाबतींतहि एक गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे. सभेंतील अध्यापकांच्या जागा त्यांना विद्येसाठीं दिलेल्या आहेत. पगार, बढती, बदली, निवृत्तिवेतन हे प्रश्न खरे आहेत, आणि त्यांसाठीं संघटना आहेत. त्यांनीं तें काम निर्धास्तपणें करावें. परंतु ग्रंथालयांत नवीं पुस्तकें आलीं नाहींत, प्रयोगशाळेंत सामान नाहीं, निम्मे वर्ग तासिकेवर नेमलेल्या तरुणांच्या बळावर चालतात, मराठी माध्यमाच्या मुलाला नव्या विषयाचें एकहि पुस्तक त्याच्या भाषेंत मिळत नाहीं, ह्या गोष्टी अध्यापकाशिवाय दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांपुढें रोज नसतात. तो जर सभेंत ह्यांविषयीं बोलला नाहीं, तर दुसरा बोलणार कोठून? मनूनें मौनाला दोष म्हटलें तें अशाच जागीं लागू पडतें.

लहान गांवांना ह्या मौनाची झळ अधिक लागते. नागपूरच्या मुलाला एक महाविद्यालय पसंत पडलें नाहीं तर दुसरें आहे. चिखल्याच्या मुलीला तुमसरच्या महाविद्यालयांत जो विषय नाहीं तो तिच्यासाठीं जगांतच नाहीं. परीक्षेचें केंद्र दूर गेलें तर शहरांतील विद्यार्थ्याचे पांचपंचवीस रुपये जातात. येथील मजुराच्या मुलीबरोबर बापाला एक दिवसाची मजुरी सोडून जावें लागतें, आणि तसें दोनचार वेळां झालें कीं घरांत तिच्या शिक्षणाबद्दल कुरबूर सुरू होते. निकाल लांबला तर पुढील प्रवेशाची मुदत टळते. संपन्न घरांतील मुलगा एक वर्ष थांबूं शकतो. तिला मात्र पुष्कळदां लग्नाच्या बोहोल्यावर उभें राहावें लागतें. वेळापत्रकाचा एक कागद आणि एका मुलीचें आयुष्य ह्यांमधलें अंतर असें अगदीं थोडें आहे. सभागृहांत ह्या अंतराची जाणीव असलेला एक तरी सभासद आमच्या जिल्ह्याच्या बाजूनें बोलणारा असावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.

आतां वाचकांच्या घराकडे वळतों. अधिसभेंतील १० जागा पदवीधरांच्या आहेत. परंतु पदवी मिळाली म्हणून मताचा अधिकार आपोआप मिळत नाहीं. निवडणुकीपूर्वीं विद्यापीठ मुदत जाहीर करतें. त्या मुदतींत अर्ज करून मतदार म्हणून नांव नोंदवावें लागतें. येथेंच सारें अडतें. मुंबई विद्यापीठाचे पदवीधर लाखांनीं मोजावे लागतील. तेथें पुष्कळ वाद होऊन, न्यायालयापर्यंत प्रकरण जाऊन, २०२४ च्या सप्टेंबरांत पदवीधरांच्या १० जागांची निवडणूक झाली. त्या वेळीं मतदारयादींत नांवें किती होतीं? १३ हजारांहून थोडीं अधिक. आणि प्रत्यक्ष मत देणारे त्यांतील निम्म्यांहून थोडे जास्त. मुंबईसारख्या नगरींत ही स्थिति, तर इतरांनीं आपल्या विद्यापीठाविषयीं अंदाज करावा. जेथें मतदार मूठभर असतात तेथें पांचपन्नास अर्ज गोळा करून आणणारा मनुष्य सभेंत जाऊन बसतो. त्याला नांवें ठेवून काय उपयोग? त्यानें श्रम केले, आपण केले नाहींत.

ह्या मासिकाच्या वाचकांच्या घरीं पदवीधर नाहीं असें घर क्वचितच असेल. वडील पदवीधर, मुलगा पदवीधर. आणि आतां तर सून व मुलगी त्यांच्याहून अधिक शिकलेल्या. त्यांच्या पदव्या चौकटींत बसवून भिंतीवर लावलेल्या असतात किंवा कपाटांतील पिशवींत जपून ठेवलेल्या असतात. ती पदवी विद्यापीठाच्या कारभारांत बोलण्याचा परवाना मिळवून देऊं शकते, हें त्या घरांतील कोणी त्यांना सांगितलेलें नसतें. विशेषतः ज्या भगिनी पदवी घेऊन संसारांत पडल्या, नोकरीला गेल्या नाहींत, त्यांना वाटतें कीं आपल्या पदवीचें काम संपलें. तसें मुळींच नाहीं. माझ्या शिकण्याची धांव मॅट्रिकपर्यंतच होती, आणि पुढें जें शिकलों तें पाठशाळेंतील गुरुजींच्या पायांशीं बसून. त्यामुळें मला हा अधिकार नाहीं, आणि असावा असा माझा आग्रहहि नाहीं. परंतु ज्यांना तो मिळूं शकतो त्यांनीं तो न घ्यावा, हें पाहून वाईट वाटतें.

मत मागण्यास उमेदवार येईल तेव्हां त्याला पक्ष विचारण्यापूर्वीं चार प्रश्न विचारावे. गेल्या वर्षींचा विद्यापीठाचा अहवाल आपण वाचला आहे काय? ग्रंथालयासाठीं अंदाजपत्रकांत किती रक्कम ठेवली होती, आणि त्यांतील खर्च किती झाली? परीक्षा संपल्यापासून निकाल लागेपर्यंत किती दिवस गेले? जिल्ह्याच्या टोंकाला असलेल्या एखाद्या महाविद्यालयांत जाऊन आपण तेथील वर्ग व प्रयोगशाळा पाहिली आहे काय? ह्या प्रश्नांचीं उत्तरें ज्याला देतां येतील तो कोणत्या का पक्षाचा असेना, सभेंत बसण्यास योग्य समजावा. ज्याला देतां येणार नाहींत त्याला पुढच्या खेपेपर्यंत अभ्यास करण्यास सांगावें. विद्यार्थ्याला आपण तेंच सांगतों.

एवढ्यानें सगळें सुधारेल, असा माझा भ्रम नाहीं. सभेचे अधिकार मर्यादित आहेत. शासनाचा हात मोठा आहे. पैसा थोडा आहे. रानड्यांनाहि मराठीसाठीं कित्येक वर्षें वाट पाहावी लागली, आणि फळ हातीं येण्याच्या सुमारास ते गेले. परंतु त्यांनीं पुराव्याचे कागद तयार ठेवले होते, आणि ते कागद सभेपुढें ठेवण्याची एक जागा त्यांना होती. ती जागा आजहि आहे.

तेव्हां आपल्या विद्यापीठाची पुढील नोंदणी जाहीर होईल त्या आठवड्यांत, घरांतील सगळीं पदवीपत्रें एकत्र काढावीं, आणि आई, मुलगी, सून, मुलगा असे सर्वांचे अर्ज एकाच वेळीं भरून पाठवावे. शेजारच्या घरीं पदवीधर असून त्यांना ही माहिती नसेल, तर त्यांनाहि ती सांगावी. ह्या कामाला अर्धा दिवस पुरेल.